मांडीवर न्यायचा गोळा

२८ एप्रिल १९७४, रविवार

सकाळी शाळेच्या मैदानावर. सुट्टी लागल्यामुळे मैदान मोकळं, फक्त दोन म्हशी. इनामदार बाई खुर्ची टाकून बसलेल्या. गुडघे गेले, नोकरी संपली, पण आवाज अजून ड्रिलच्या मास्तरणीचाच. "कोपर वर, मंदा, कोपर! भाकऱ्या थापतेयस का?"

आधी शाळेचा लोखंडी गोळा फेकला, मग आबांचा पितळी. वजन सारखंच. पण लोखंडी माझ्या हातात मावत नाही, बोटं फाकतात, मग मनगट बोलायला लागतं. आबांचा बरोबर बसतो. बापाने लेकीचा पंजा धरून, माप घेऊन केलेला. वर पितळेचं कवच, आत शिसं ओतलेलं, आणि तोंड कायमचं बंद. आबा रेल्वेच्या शेडमध्ये फिटर. साहेबाला विचारून, कामाची वेळ संपल्यावर लेथवर थांबून थांबून केला होता. तेव्हापासून दुसरा कुठलाच गोळा माझा वाटत नाही.

दिल्लीचं पत्र आलंय. १५ मे ला निवड चाचणी. परदेशी जाणारा संघ त्यातून निवडणार. बाई म्हणाल्या, "हीच. दुसरी नाही." खरंच आहे. श्रावणात पंचवीस पूर्ण. नगरपालिकेच्या शाळेत हंगामी पी.टी. बाई, जूनमध्ये ठेवतील की नाही तेही ठाऊक नाही. पुढच्या खेपेला मला कोण विचारणार?

आबा रेल्वेचा पास काढणार आहेत. पण घरात पासापेक्षा संपाचंच बोलणं जास्त.

२ मे, गुरुवार

आबा गेले.

पुढाऱ्यांना धरायला सुरुवात झालीय. आबा पुढारी-बिढारी नाहीत, पण शेडच्या गेटवर दोनदा बोलले, आणि बोलायला लागले की त्यांना थांबता येत नाही. दुपारी जेवायच्या सुट्टीत घरी आले, जेवले नाहीत, भाकरी बांधून घेतली. मागच्या दाराने बाहेर. वडिवळ्याला, नानांकडे (आबांचे चुलतभाऊ). हे आई आणि मी सोडून कुणाला माहीत नाही. माहीत होता कामा नये.

जाताना मला म्हणाले, "मला धरलं तर धरू दे, भ्या न्हाई. पर तुझं दिल्लीचं होस्तवर दारात पोलीस नको."

पास काढायचा राहिलाच. आई दाराला कडी लावून तांदूळ निवडत बसली. एक खडा निघेना, तरी निवडतेय.

८ मे, बुधवार

संप सुरू. लोणावळ्याला आवाजच उरला नाही. जन्मल्यापासून आमच्या घरचं घड्याळ म्हणजे इंजिनाची शिट्टी. आज आईचा भात करपला.

गाड्या बंद म्हणजे दिल्ली बंद. एस्टीने जायचं म्हटलं तर किती बदलायच्या, कुठे राहायचं, पोचायचं कधी... बाईंनी नकाशा काढला आणि परत घडी घालून ठेवला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

इथे लिहिते, कारण दुसरीकडे बोलता येणार नाही. आज मला आबांचा राग आला. सगळा देश थांबवायला ह्यांना हाच महिना सापडला. क्षणभर वाटलं, संप फुटावा. शेजारच्या शेवंताकाकूंनी तेवढ्यात दारातून विचारलं, "काय गं, तोंड का असं?" त्यांचे यजमान पण संपात, घरात दोन लेकरं, डबे रिकामे. मी म्हटलं, काही नाही, डोकं दुखतंय.

मग त्या रागाचीच लाज वाटली.

१० मे, शुक्रवार

विमान!!

इनामदार बाई दोन दिवस बाजारपेठ फिरत होत्या, मला पत्ता नाही. चिक्कीवाले, हॉटेलवाले, एक लाकडाच्या वखारीचा मालक. सगळ्यांनी मिळून तिकीट काढलंय. सोमवारी मुंबईहून दिल्ली. बाई तिकीट दाखवताना पाठमोऱ्या झाल्या, डोळे पुसत होत्या बहुतेक. मला रडता येईना, हसताही येईना.

मुंबईपर्यंत रझियाच्या वडिलांची लॉरी. रझिया माझी शाळेपासूनची मैत्रीण. हमीदचाचा रविवारी भाजी घेऊन जाणार आहेत, कुर्ल्याला तिच्या खालाकडे (मावशी) मुक्काम. रझिया म्हणाली, "मी येणार. विमान मी पण बघणार, फुकट."

वडिवळ्याला निरोप पाठवला. दूधवाले भाऊ कामशेतपर्यंत जातात, पुढे त्यांचा मेहुणा. उलट निरोप आला: "विमानात खिडकीपाशी बस म्हनावं."

११ मे, शनिवार

बॅग भरली. त्यावरून आईशी वाद.

गेल्या खंडेनवमीला शेडमध्ये हत्यारांची पूजा झाली, तेव्हा आबांनी गोळाही हातोड्या-पान्यांच्या ओळीत मांडला. हळदकुंकू, झेंडू, नारळ. तेव्हापासून आईने तो देव्हाऱ्यातच बसवलाय. सरावाला नेताना मी चपला घालून हात लावायचा नाही, आणल्यावर धुऊन परत जागेवर. मैदानावर तो चिखलात पडतो ते तिला चालतं. "त्ये त्याचं काम हाय," म्हणते.

बॅगेत खाली बूट, दोन जोड. आई म्हणाली, "देव पायताणासंगं जायचा न्हाई. मांडीवर घिऊन बस."

"आई, विमान आहे ते, बैलगाडी नाही."

"मग काय झालं? विमानात मांडी नसती व्हय?"

खरं म्हणजे मलाही तो डोळ्यांआड नको होता. बॅगा कुठे जातात, कशा आपटतात, कुणास ठाऊक. बाई म्हणाल्या होत्या, जड आहे, बॅगेतच टाक. मी हो म्हटलं, आणि केलं आईचं.

लाल खणात बांधला. गाठीत हळदकुंकू, चार अक्षता. हातावर दही. व्यापाऱ्यांनी हार घातला, चिक्कीचा पुडा दिला. एक जण म्हणाला, "आल्यावर सांगा हं, ढग खालून कसे दिसतात ते." वरून, असं सांगावंसं वाटलं, नाही सांगितलं.

१३ मे, सोमवार, कुर्ला

विमान गेलं. मी इथे.

लिहायचं तर सगळं लिहिते.

बॅग काट्यावर ठेवली, ती आत गेली. रझिया बाहेर कठड्यापाशी, हात हलवतेय. पुढे बायकांची झडती, पडद्याआड. एक पोलीस बाई, माझ्याहून थोडी मोठी, मराठीच. खणाची गाठ सोडली. पितळेवर हळद, कुंकू, अक्षता.

"हे काय गं? देव?"

"गोळा. गोळाफेकीचा. दिल्लीला चाचणी आहे."

हसली. "मी पण फेकलाय शाळेत. पण एवढा सजवलेला नव्हता." मग उचलून बघितला आणि हसू गेलं. "बाई, हा आत नाही नेता येणार. एवढा जड, कुणाच्या डोक्यात घातलास तर? बॅगेत टाकायचा होतास."

बॅग तर गेलेली. म्हणाली, "मग बाहेर कोण आलंय तुझं, त्यांच्याकडे देते. तू जा."

तिथेच सगळं मिटलं असतं. रझिया दहा पावलांवर उभी होती. "द्या," एवढं म्हणायचं होतं मला. पण दिल्लीत मी काय फेकू? तिथला लोखंडी? बोटं फाकून? मी म्हटलं, कृपा करा, कुणाला तरी विचारा, बॅग परत काढता येते का. ती बिचारी विचारायला निघाली आणि निघताना तिने गोळा खाली ठेवला. फरशीवर. बुटांच्या पायांमध्ये.

मी तो उचलला. झटकन. छातीशी धरला. आणि तोंडातून निघालं, मोठ्याने, "खाली नका ठेवू, देव्हाऱ्यातला आहे!"

सगळे वळले. साहेब आले.

साहेब वाईट नव्हते. हे मुद्दाम लिहिते. त्यांनी गोळा हातात फिरवला, बंद केलेलं तोंड दिसलं. "ये खुलता है?" नाही खुलत. "अंदर क्या है?" शिसं. "किसने बनाया?" वडिलांनी. "क्या करते हैं?"

गप्प बसायला हवं होतं. पण खोटं सुचेना. रेल्वेत, म्हटलं.

साहेबांनी माझ्याकडे नीट बघितलं तेव्हा. "हड़ताल पर?" मी मान हलवली. "कहाँ हैं अभी?"

"माहीत नाही."

"बेटी को नहीं मालूम?"

नाही मालूम. परत विचारलं, परत नाही. ते शांतपणे म्हणाले, बाप को बुलाओ, वो बता दे, हम खोलके देख लें, बस. मी बोलावू शकत नव्हते आणि का नाही तेही सांगू शकत नव्हते. संपवाल्याच्या हातचा, तोंड बंद केलेला धातूचा गोळा, आणि बाप बेपत्ता. त्यांच्या जागी मी असते तरी सोडला नसता. मलाही नसतं सोडलं.

म्हटलं, ठेवा तो, मी तशीच जाते. पोलीस बाई हळूच म्हणाली, "आधी म्हणाली असतीस तर." आता वरचे साहेब येईपर्यंत कुणी हलायचं नव्हतं. मी बाकावर. विमानाचा आवाज आला, मोठा झाला, लहान झाला. दिसलं नाही.

हमीदचाचांनी येऊन हमी दिली तेव्हा सोडलं. गोळा ठेवून घेतला. लोणावळ्याचा पत्ता घेतला.

माझी बॅग गेली दिल्लीला. बूट गेले. आई, तुझं पायताण पोचलं गं, देव राहिला.

रझियाच्या खालाने बळंच जेवायला लावलं. जेवले. भूक होती. त्याचंही वाईट वाटलं.

१४ मे, मंगळवार

परमेश्वरा.

दुपारी लॉरीतून उतरले तर दारात आई बसलेली, डोक्यावर पदर नाही. मला बघून ओरडली, "तू हितं? तू हितं कशी?"

सकाळी पोलीस घरी आले होते, पत्ता खरा का बघायला. म्हणाले, तुमची मुलगी काल विमानतळावर अडवली. सोडली हे त्यांनी सांगितलं की नाही, आईला आठवत नाही. तिने 'अडवली' एवढंच ऐकलं. धावत दूधवाल्या भाऊंकडे. वडिवळ्याला निरोप: पोरीला धरलंय, गोळ्यापायी.

आबा ताटावरून उठले म्हणे. नाना अडवत होते, बिनखातरीचा निरोप आहे, थांब, बघू. आबा पायी कामशेतला आले आणि थेट पोलिसांपुढे उभे राहिले. "गोळा म्या केलाय. पोरीचा कायबी संबंध न्हाई. तिला सोडा."

त्या वेळी मी खोपोलीला चहा पीत होते. रझिया म्हणत होती, रडू नको, चहा गार होतोय.

बैल गेला आणि झोपा केला. तोही आपल्या हाताने, आपल्याच पायावर धोंडा पाडून.

इ. बाई पोस्टात ट्रंककॉल लावून बसल्या. दिल्लीशी बोलणं झालं. हजर नसेल तिचं नाव निघतं, नियम आहे. बाईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "बॅगेत टाक म्हटलं होतं ना गं तुला." एवढंच. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

१५ मे, बुधवार

आज दिल्लीत.

दिवसभर हाताला काम शोधलं. आईने देव्हाऱ्यातली रिकामी जागा पुसली, फूल वाहिलं. मी म्हटलं, कुणाला? तिने आणखी एक फूल वाहिलं.

१८ मे, शनिवार

नळावर बायका गप्प होतात आईला बघून. आज शेवंताकाकू बोलल्याच. "सगळी पकडून नेली. हा आपल्या पायानं ग्येला. कायतरी कबूल करून आला आसंल. नावं दिली आसतील."

आई घागर तिथेच ठेवून आली. मी गेले घागर आणायला. भांडणार होते, तोंडात शिव्या तयार. पण काकूंचा धाकटा कडेवर, तापलेला, आणि काकूंच्या डोळ्यांखाली काळं. त्यांचे यजमान अजून डोंगरात कुठेतरी लपलेले. काय सांगू? की आबा माझ्या गोळ्यासाठी गेले? कोण विश्वास ठेवेल? मीच ठेवला नसता.

घागर भरून आणली. आता पाणी मीच आणते.

झोप येत नाही, दिवस उजाडू नये असं वाटतं. पुढे बघायला काहीच नाही. पूर्वी निदान उद्याचा सराव असायचा.

२२ मे, बुधवार

पुण्याला तुरुंगात भेट. आई आणि मी, एस्टीने.

आबा वाळलेत. दाढी पांढरी आलीय, मला माहीतच नव्हतं त्यांची दाढी पांढरी आहे. जाळीपलीकडून आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तोंडभर हसले.

"किती ग्येला?"

मला कळेना.

"दिल्लीत गं! किती पडला गोळा? मी हजर झालो नि सायेब म्हनला, तुझ्या पोरीला कालच सोडली. म्हनलं, चला. ग्येलं इमान येळंवर."

आईने पदर तोंडात घातला.

मी म्हटलं, "चांगला पडला, आबा."

"आकडा सांग की."

"साडेबारा."

आबांनी जाळीवर हात आपटला. मागे वळून कुणाला तरी ओरडले, "ऐकलं का रं! साडेबारा!" पलीकडे दोन-तीन माणसं हसली, कुणी टाळी वाजवली. शेडमधलेच असावेत. मग मला म्हणाले, "खिडकी घावली का?"

"घावली."

"ढग दिसलं?"

"खाली दिसले."

येताना एस्टीत आई खिडकीपाशी बसली. खंडाळ्याकडचे डोंगर दिसायला लागल्यावर म्हणाली, "ब्येस केलंस." नंतर म्हणाली, "पर आता पुढं?"

जन्मात साडेबारा मीटर पडला नाही माझा. बारालाच दम लागतो.

२८ मे, मंगळवार

संप मागे घेतला.

पहिली शिट्टी झाली तेव्हा आई भाकरी करत होती. तिने तवा उतरवला आणि बाहेर जाऊन उभी राहिली. सगळ्या क्वार्टरमधल्या बायका बाहेर. हरलो की जिंकलो ते सगळ्यांना कळत होतं.

बाजारात चिक्कीवाले शेठ भेटले. त्यांना इ. बाईंनी अर्धवटच सांगितलंय. "काय मंदाताई, निवड नाही झाली म्हणे. असू दे. पण विमानात बसलात की नाही? ते तरी कुणाला मिळतं?"

हो म्हटलं. आता मी सगळीकडे विमानात बसलेली आहे.

बॅग परत आलीय, दिल्लीहून. बूट कोरे.

७ जून, शुक्रवार

आबा घरी.

कामावर घेतलं नाही. बाकीचे पुष्कळ घेतले, शेवंताकाकूंचे यजमानसुद्धा. आबांना गेटवरूनच परत पाठवलं. क्वार्टर खाली करायचंय. विचार करू, अर्ज द्या, असंही कुणी म्हणालं म्हणे. आबांनी ते सांगताना हात असा हलवला, माशी हाकलतात तसा.

संध्याकाळी हमीदचाचा भेटायला आले. भला माणूस. बोलता बोलता म्हणाले, "भाऊ, तुमचं सगळं भरून निघेल. पण पोरीचं विमान डोळ्यांदेखत गेलं ना, ते माझ्या मनातून जात नाही. मी जरा लवकर पोचायला हवं होतं तिथं."

आबांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. चाचांना म्हणाले, "घ्या की, च्या घ्या अजून." गाडीच्या टायरांची चौकशी केली. चाचा गेले. मी तिथेच बसून होते.

आबा कप उचलताना म्हणाले, "किती म्हनली हुतीस?"

"साडेबारा."

"आकडा बरा काढलास."

आणि अंगणात जाऊन उभे राहिले. मला वाटलं होतं रागावतील. रागावले असते तर मी पाय धरले असते. त्यांनी मला तेवढीही जागा ठेवली नाही.

११ जून, मंगळवार

इ. बाईंबरोबर मुंबईला. गोळा मिळाला.

एका खोलीत कपाटातून काढून दिला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. उघडला. तोंड फोडलंय. नुसतं भोक नाही, तीन बोटं जातील एवढं, आणि आतलं शिसं खरवडून काढलेलं. कडा वेड्यावाकड्या. हळद तशीच एका बाजूला.

तिथले गृहस्थ म्हणाले, "साफ आहे. आत काही नव्हतं."

मी म्हटलं, "थँक यू."

गाडीत बसल्यावर लक्षात आलं की मी थँक यू म्हटलं. खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाई म्हणाल्या, पुण्यात एखाद्या वर्कशॉपमध्ये शिसं भरून मिळेल, वजनाला बरोबर करून घेऊ. नोव्हेंबरात राज्याच्या स्पर्धा आहेत. बाई अजून नोव्हेंबरचं बोलू शकतात. मी खालीच बघत होते. हातात हलका लागत होता, पोकळ, कुणा दुसऱ्याचा.

१३ जून, गुरुवार

आईने देव्हाऱ्यात घेतला नाही.

उंबऱ्यावरच थांबवला मला. भोकावरून बोट फिरवलं आणि हात जोडले. "खंडित झाला. आता घरात ठिवायचा न्हाई. पान्यात सोडायचा."

"आई, भरून घेता येतो."

"मूर्तीचा हात तुटला तर चिकटवून पुजतात व्हय कुटं?"

मी आबांकडे बघितलं. आबा गोळा मांडीवर घेऊन बसले, अंगठा कडेवरून फिरवत. "शेडात आस्तो तर दुपारचं काम," म्हणाले. बाईंचं पुण्याचं सांगितलं तर ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "दुसऱ्याच्या दारात काय म्हनून न्हिऊ? माझा म्हनून?"

आईला वाटतं, देव तिच्यावर कोपला, खाली फरशीवर ठेवला म्हणून. बाईंना वाटतं माझं चुकलं. शेवंताकाकूंना वाटतं आबांचं चुकलं. आबांना काय वाटतं ते ते सांगत नाहीत. मला वाटतं, एवढ्या सगळ्यांना मिळून एक गोळा उचलवला नाही.

१९ जून, बुधवार, वडिवळे

क्वार्टर सोडलं. नानांच्या पडवीत आमच्या ट्रंका, आईचा देव्हारा फळीवर. शाळेचं पत्र नाही. म्हणजे नाहीच. आबा सकाळपासून नानांच्या बांधावर, फावडं हातात, पण त्यांना ते फिटरासारखं धरायची सवय, नाना हसतात.

दुपारी उघडीप होती. आबा म्हणाले, "चल. हात मोकळा कर."

"कशाने?"

टॉवेलात गुंडाळून काढलाच होता त्यांनी. आईने बघितलं आणि तोंड फिरवलं.

भातरोपं अजून लहान, मोठं खाचर मोकळं होतं. मी बांधावरून पावलं मोजली, मानेशी गोळा धरला. दीड महिन्यानंतर. भोक तळव्याच्या बाजूला घेतलं, कड बोचत होती. फेकला.

हातालाच आधी कळलं. सुटतानाच कळलं. गोळा गेला, गेला, असा मी कधी जाताना पाहिला नव्हता. चिखलात पडल्याचा आवाजही उशिरा आल्यासारखा वाटला.

आबा धावले. मी आबांना धावताना पाहिलेलं आठवत नाही. गुडघाभर चिखलातून गेले, काठी खोचली आणि तिथूनच ओरडले, "बग! बग कुटं आला! साडेबाराच्या लय म्होरं! दिल्लीत आस्तीस तर..."

थांबले.

ते शिसं त्यांनी स्वतः ओतलंय. किती गेलं आणि किती राहिलं, हात लावताच त्यांना कळलं असणार. माझ्याआधी कळलं असणार. ते काठी धरून उभे, मी बांधावर उभी.

"हो आबा," मी म्हटलं, "चांगला पडला."

"टाक अजून," आबा म्हणाले.

टाकला. पाच-सहा वेळा. दर वेळी ते धावले, दर वेळी काठी पुढे सरकली. हसत होते. मीही हसले असेन. नानांची सून बांधावर येऊन बघायला लागली, म्हणाली, "बाई गं, केवडी ताकद!"

दिवेलागणीला आई खाचराच्या कडेला आली. "झालं तुमचं ख्येळून? सकाळी मी त्याला नदीवर न्हेनार हाय."

आबांनी गोळा माझ्याकडे दिला. "तिला इचार. तिचा हाय त्यो."

दोघं थांबली. मी पदराने चिखल पुसत राहिले, भोकातला चिखल निघत नव्हता. आतून नानींनी हाक मारली, दिवा लावायला, तशी मी आत आले. अजून काही बोलले नाही.

आई सकाळी लवकर उठते.